तिसरी पांढरी सकाळ

जानेवारीत सिंगापूरला थंडी पडते. हसू नका. चार दिवस पाऊस लागून राहिला की पारा घसरत घसरत तेवीस अंशांवर येतो आणि आमचं अख्खं सेंगकांग उपनगर हादरतं. परवा आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये बाराव्या मजल्यावरची आंटी भेटली. भाजी आणायला निघाली होती, पण अंगात जे जाकीट होतं ते घालून माणूस ध्रुवावर वसाहत करून परत येईल. खालच्या हॉकर सेंटरमध्ये बाक कुत तेहच्या, म्हणजे डुकराच्या बरगड्यांच्या गरम काढ्यासारख्या सुपाच्या दुकानापुढे रांग एवढी लांब की तोंड सेंगकांगात आणि शेपूट शेजारच्या पुंगोलमध्ये. त्या रांगेत मी, आणि माझ्यापुढे माझी चौदा वर्षांची मुलगी मैत्रेयी, अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टात.

"बाबा, ट्वेंटी-थ्री ओन्ली लाह. यू शिव्हरिंग ऑर ॲक्टिंग?"

"अगं, ही थंडी वेगळी असते. ही हाडांची परवानगी घेऊन आत येते."

"लास्ट इयर ऑल्सो यू सेड."

वाडगं समोर आलं. वाफ चष्म्यावर बसली. आणि त्या पांढऱ्या धूसरपणातून, दरवर्षी येतात तसे, मोस्यू आले.

मोस्यू म्हणजे फ्रेंचमध्ये साहेब. आमचे मोस्यू हे एक डुक्कर होते. नुसतं डुक्कर म्हटलं तर त्यांचा अपमान होईल. मी मरीन इंजिनियर, हयात जहाजांवर गेली, बंदराबंदरांतल्या टगबोटी पाहिल्या. पण गोठ्याच्या दारातून मोस्यू पहिल्यांदा बाहेर आले तेव्हा मी सवयीने मागे सरकून दोर टाकायला जागा करून दिली होती. ते कुशीवर वळले की शेजारच्या आमच्या स्वयंपाकघरातल्या बशा वाजत. सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोला, ही अतिशयोक्ती वाटते. तिला माझं सगळंच अतिशयोक्ती वाटतं. पण बशा वाजायच्या हे तीही कबूल करते.

सुजाता झाडांची डॉक्टर आहे, म्हणजे झाडांवर संशोधन करते. त्या वर्षी तिला नैऋत्य फ्रान्समधल्या एका खेड्याजवळ, फळझाडांच्या संशोधन केंद्रात एक हिवाळा काढायचा होता. एका जहाजावरचा माझा करार नुकताच संपला होता आणि पुढचं जहाज ठरलेलं नव्हतं. तेव्हा मैत्रेयी सात वर्षांची होती. "चल," सुजाता म्हणाली, "निदान एकदा तरी खरा हिवाळा बघ. तू सांगतोस तसला नव्हे." मी लिटल इंडियातून एवढे लोकरी कपडे घेतले की विमान उडताना थोडं विचारात पडलं.

खरा हिवाळा. आम्ही गेलो आणि तो आलाच नाही.

डिसेंबरात गुलाब फुलले. नाताळात मोस्यूंच्या गोठ्यात माशा घोंघावत होत्या. माझे थर्मल पायजमे कपाटाच्या फळीवर घडी घातलेले, माझ्याकडे आशेने बघत. पाऊस मात्र होता. आपला पाऊस येतो तेव्हा काहीतरी सांगायला येतो. हा नुसता राहायला आलेला. दगडी भिंती आतून घामेजायच्या. मिठाच्या बरणीत मीठ नसायचं, समुद्र असायचा. बाहेरचा चिखल असा की एकदा माझा उजवा बूट त्यात गेला तो अजून खाली जातोच आहे. कधीतरी न्यूझीलंडच्या बाजूने निघेल. मग दोन दिवस एकदम कोरडं ऊन, लोक शर्टाच्या बाह्या दुमडून. मग धुकं, इतकं दाट की मैत्रेयीला शाळेत सोडायला मी हात पुढे धरून चालायचो, आणि शाळेऐवजी दोनदा चर्चमध्ये पोचलो. सकाळी छत्री घेऊन निघालेला माणूस दुपारी गॉगल लावून परतायचा. गावातले म्हातारे आकाशाकडे बघायचे ते आपण बँकेतल्या नव्या कारकुनाकडे बघतो तसे. याला काम येत नाही, पण याच्याशीच गाठ आहे.

त्या म्हाताऱ्यांतला एक मार्सेल. आमचं भाड्याचं घर त्याच्या घराला भिंतीने चिकटलेलं. मोस्यू त्याचेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, अंगाने वाळक्या फांदीसारखा, फुप्फुसं पार निकामी. स्वयंपाकघरात कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन, त्याची नळी नाकात घालून तो खुर्चीत बसे आणि मशीनच्या घरघरीवर मात करत बोले. सुजाताला तो 'मादाम' म्हणे. मोस्यूंना 'मोस्यू'. मला नुसतं 'खलाशी'. डुकराला साहेब आणि मला खलाशी. मी ते मनाला लावून घेतलं नाही. वजनाप्रमाणे मान, असा हिशेब असावा. माझी फ्रेंच इंजिनरूममधली: व्हॉल्व्ह उघडा, व्हॉल्व्ह बंद करा, जेवण कधी. बाकीचं सुजाता सांगायची.

त्या मुलखात हिवाळ्यात घरचं डुक्कर कापतात. पंचशील घेतलेल्या आमच्या घरात यावर पहिल्या संध्याकाळीच चर्चा झाली. चर्चा म्हणजे सुजाता माझ्याकडे बघत राहिली.

"बरगड्यांचं सूप पिताना कधी विचारलंस, ते डुक्कर म्हातारपणाने गेलं होतं का?" मी म्हणालो.

"मी काहीच म्हटलं नाही, मिलिंद."

"तेच तर."

पण कापायचं म्हणजे थंडी हवी. एक दिवसाची नव्हे, मुक्काम करणारी. मांड्या मिठात मुरवायच्या तर हवेनेच त्या आठवडेच्या आठवडे गार ठेवायला हव्यात. मध्येच ऊब आली की हाडाजवळून मांस सडतं. म्हणून त्या वाडीची रीत अशी: गवतावरचं दहिवर सलग तीन सकाळी पांढरं गोठलं, की चौथ्या सकाळी सगळ्यांनी मार्सेलच्या अंगणात यायचं. आमंत्रण नाही, निरोप नाही. ज्याचं त्याने आपल्या खिडकीतून गवत बघायचं आणि निघायचं. कुणी लाकडी डोण आणायची, कुणी दोर, कुणी मोठाल्या कांद्यांची टोपली. प्रत्येकाचं काम ठरलेलं, बापाकडून मुलाकडे आलेलं. डावा मागचा पाय धरायचं काम मार्सेलच्या मुलाचं, फिलिपचं.

फिलिप खाली खोऱ्यात राहायचा. गाडीने अर्ध्या तासावर. बापलेकाचं बोलणं नव्हतं. फिलिपला घरची जुनी अक्रोडाची झाडं काढून आलुबुखार लावायचे होते. मार्सेलने नकार दिला, तोही गावच्या जेवणात, सगळ्यांसमोर, मुलाला झाडातलं काय कळतं असं विचारून. फिलिप उठला, बायकोमुलांना घेऊन खाली गेला, तिथे जमीन घेतली, आलुबुखार लावले. मार्सेलने ती बाग कधी पाहिली नाही. फिलिपने वर पाऊल टाकलं नाही. अपवाद एकच, थंडीचा. चौथ्या सकाळी तो यायचा, डावा पाय धरायचा, दिवसभर बापाच्या शेजारी उभा राहून राबायचा, रात्रीचं जेवण जेवून जायचा.

"मग त्या दिवशी बोलायचात?" सुजाताने एकदा अक्रोड फोडता फोडता विचारलं.

"बोलायचो की," मार्सेल म्हणाला. "धर. सोड. मीठ दे. अजून दे."

"एवढंच?"

"वर्षाला पुरतं तेवढं."

मी म्हटलं, फोन करा ना त्याला. सुजाताने फ्रेंचमध्ये सांगितलं. मार्सेल नळीतून एक लांब श्वास ओढून म्हणाला, "थंडी बोलावते तेव्हा कुणाला वाकावं लागत नाही. तो माझ्यासाठी आलेला नसतो. मी त्याला बोलावलेलं नसतं. फोन केला की एकजण तरी वाकला."

आदल्या हिवाळ्यात तीन पांढऱ्या सकाळी सलग आल्याच नव्हत्या. त्या वर्षीचे मोस्यू (मार्सेलच्या प्रत्येक डुकराचं नाव हेच) ट्रकमध्ये बसून तालुक्याच्या कत्तलखान्यात गेले आणि फिलिप आला नाही. म्हणजे बापाने मुलाला पाहून दोन वर्षं होत आली होती. आणि डॉक्टरने मार्सेलला स्पष्ट सांगितलं होतं की पुढचा हिवाळा धरू नका. हे त्याने सुजाताला सांगितलं ते अशा आवाजात, जसं एखादा बस चुकल्याचं सांगतो. तिने ते मला घरी येऊन सांगितलं आणि मग पाठमोरी होऊन चुलीत लाकडं सारायला लागली.

तेव्हापासून मीही रोज सकाळी उठलो की आधी गवत बघायला लागलो. इथे, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये, पंधराव्या मजल्यावरून खाली जे गवत दिसतं ते नगरपालिकेने इस्त्री करून घातल्यासारखं, बारा महिने हिरवं. त्याच्यात काही वाचण्यासारखं नसतं. तिकडचं गवत मी पेपरसारखं वाचायचो. ओलं. ओलं. ओलं. एकदा हिरवं, आणि त्यावर जानेवारीत फुललेली पांढरी डेझी; लांबून पाहून मी 'पांढरं, पांढरं' करत पायजम्यावर मार्सेलच्या दारात धडकलो. तो बाहेर आला, बघितलं, आणि म्हणाला, "खलाशी, समुद्रावर जमीन दिसली असं किती वेळा ओरडलास आजवर?"

जानेवारीच्या मध्यात मात्र एका सकाळी खरंच पांढरं पडलं. गवताचं पातं न् पातं साखरेत घोळवल्यासारखं. थंडी अशी की माझा 'बोंझूर' तोंडातून निघून मार्सेलच्या कानापर्यंत पोचायच्या आत गोठला, आणि दुपारी मार्सेल अंगणातून जात असताना वितळून त्याला ऐकू आला. दुसऱ्या दिवशीही पांढरं. वाडीत हालचाल सुरू झाली. पलीकडच्या शेतातली मादलेन, साठीची, बैलासारखी ताकदवान बाई, तिने डोण विहिरीवर घासायला काढली. मार्सेलने सुऱ्या काढल्या. त्याला धाप लागत होती तरी नळी काढून तो गोठ्यापर्यंत गेला आणि मोस्यूंच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मोस्यूंनी त्याच्या खिशातलं बिस्कीट हुंगून काढलं. माणूस ज्याला उद्यापरवा कापणार त्याच्याशी इतक्या मायेने वागताना मी प्रथमच पाहत होतो. मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण काय वाटावं हे मला ठरवता येत नव्हतं.

तिसऱ्या सकाळी दक्षिणेचा वारा आला, आणि पाठोपाठ पाऊस.

सुजाताने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं: रस्त्याच्या वळणावर एक पांढरी व्हॅन येऊन थांबली होती. काचेवरचे वायपर हलत होते. थोड्या वेळाने ती मागे वळली आणि खाली निघून गेली. ती फिलिपची होती असं मी शपथेवर सांगणार नाही. माझ्या शपथेला घरात भाव नाही. पण त्या रस्त्याला पुढे मार्सेलचं घर आणि आमचं घर, एवढंच होतं. आमच्याकडे कोण येणार.

त्यानंतर मी ठरवलं की निसर्ग करत नसेल तर आपण करू. थंडी तयार करणं हा माझा धंदा आहे हो. मांसाने भरलेली जहाजं मी भर विषुववृत्तावरून गोठवून नेली आहेत. मार्सेलच्या कोठारात दूध गार करायचं एक जुनं यंत्र पडलेलं होतं. ते मी उघडलं, तांब्याच्या नळ्या जोडल्या, गॅस भरून घेतला, कोठाराच्या कोपऱ्याला आतून जाड फोम लावला, आणि एक खोली अशी गार केली की मैत्रेयी आत जाऊन आली ती दोन दिवस शहाण्यासारखी वागत होती. मग मी मार्सेलला घेऊन आलो. दार उघडलं. थंड वाफ त्याच्या पायांवरून वाहत बाहेर आली. मांड्या टांगायला आकडे, मिठासाठी फळी, सगळं. या खोलीत मोस्यूंना उन्हाळाभर मुरवता आलं असतं.

मार्सेलने आत हात घातला. बोटं चोळली. माझ्या खांद्यावर थोपटलं.

"चांगलं काम आहे," तो म्हणाला. "आता सांग, हे खोऱ्यातून कसं दिसणार?"

 सुजाता दारात उभी होती, तिने ते वाक्य मला मराठीत करून सांगितलं, खरं तर त्याची गरज नव्हती. थंडी मी केली होती, पण ती खोलीत होती. मार्सेलला ती गवतावर हवी होती, पंचवीस मैलांच्या सगळ्या गवतावर, एका खालच्या खिडकीसमोरच्या गवतावरसुद्धा.

शेवटी मी मला जे सर्वांत चांगलं येतं ते केलं. मी खोटं बोलायचं ठरवलं. मादलेनकडून फिलिपचा नंबर घेतला, फेब्रुवारीत एका सकाळी अंगणाच्या टोकाला जाऊन फोन लावला, आणि माझ्या फ्रेंचला, इंग्रजीला आणि आवाजाला जेवढं जमेल तेवढं सगळं पणाला लावून वर्णन केलं. म्हटलं, इथे वर काय थंडी पडली आहे, विहीर गोठली, कोंबड्या लाकडासारख्या उभ्या, तीन दिवस गवत पांढरं, मोस्यू दात वाजवतायत. तिकडून आधी नुसता श्वास ऐकू आला. बापासारखाच, जरा खरखरीत.

"माझ्या फोनवर तुमच्याकडचं हवामान दिसतं," फिलिप सावकाश इंग्रजीत म्हणाला. "मी रोज बघतो. आज चौदा अंश आहेत."

मी भर उन्हात उभा होतो. शेजारी मधमाश्या.

"त्यांनी करायला सांगितला फोन?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"नाही सांगितला," तो म्हणाला. "ते सांगणार नाहीत." आणि मग, अगदी सभ्यपणे, "कोंबड्यांना जपा," म्हणून फोन ठेवला.

इथे सिंगापुरातच बिशानला आमचे एक मित्र राहतात, त्यांच्याकडे जमलो की हा कोंबड्यांचा किस्सा मला हमखास सांगायला लावतात. मी सांगतो. कोंबड्यांचे हावभावसुद्धा करतो. पण 'मी रोज बघतो' हे त्याचं वाक्य मी तिथे वगळतो. ते वाक्य आलं की किस्सा बसतो खाली. रोज सकाळी एक माणूस फोनमध्ये आपल्या बापाच्या गवताचं तापमान बघतोय, आणि बाप दारात उभा राहून तेच गवत बघतोय, आणि दोघांमध्ये ओलसर, कोमट, कुणाच्याही बापाचं नसलेलं हवामान पसरलेलं आहे. यावर कुणी टाळी देत नाही.

फेब्रुवारी संपता संपता तर उन्हाळाच लागला. सुजाता केंद्रातून येताना दिवसेंदिवस गप्प येऊ लागली. फळझाडं हिवाळ्यात झोपतात तेव्हा आत कुठेतरी थंडी मोजत असतात, पुरेशी झाली की मगच ऊन मोजायला लागतात, असं तिने मला एकदा समजावलं होतं. "यंदा यांचं मोजणंच बिघडलंय," ती म्हणाली. "इतकं ऊन, की झाडांना वाटतंय हिवाळा संपला. लवकर फुलणार आहेत सगळी."

"फुलू दे की. छान दिसतील."

"मिलिंद, मार्च जायचाय अजून."

झाडं फुलली. मी बढाई मारत नाही, मारायची गरजच नव्हती. अख्खं खोरं एका आठवड्यात पांढरं झालं. वरून बघितलं की वाटावं, हेच ते दहिवर, इतके दिवस वाट पाहायला लावून एकदम आलं. मार्सेल आता खुर्ची अंगणात घेऊन बसे, नळी लांब करून. खाली ती सगळी फुलं बघे. त्यातली एक बाग त्याच्या मुलाची होती, कुठली ते त्याला माहीत नव्हतं. तो कुणाला विचारणार नाही हे आम्हाला माहीत होतं.

मार्चच्या शेवटी उत्तरेचा वारा सुटला, आणि आकाश इतकं स्वच्छ झालं की भीती वाटावी. सकाळी गवत पांढरं. दुसऱ्या सकाळी पांढरं. तिसऱ्या सकाळी असं पांढरं, की गोठ्याच्या दाराची कडी हाताला चिकटली.

चौथ्या सकाळी आम्ही उठलो तर मार्सेलच्या अंगणात जाळ दिसला. तो आमच्या आधी उठून बसला होता. मोठ्या हंड्यात पाणी चढवलेलं, सुऱ्या फडक्यावर ओळीने, स्वच्छ शर्ट, दाढी केलेली. नळी नव्हती नाकात. मी डोण ओढून आणली. सुजाताने कॉफी केली. पाणी उकळलं. आम्ही तिघं रस्त्याच्या वळणाकडे बघत उभे राहिलो. मोस्यू आतून विचारपूस करत होते.

कुणी आलं नाही.

मग मादलेनचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीवर पेंढ्याच्या गाठी, ओलसर, काळपट, मागून तिचा नवरा गाठी धरून उभा. ट्रॅक्टर थांबला नाही. मादलेनने फक्त हात वर केला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मीही हात वर केला. ट्रॅक्टर खाली खोऱ्याकडे गेला.

"कुणी येणार नाही," सुजाता हळू म्हणाली, मराठीत. "आज जो तो आपापल्या झाडांत असेल. फुलांवर पडलंय हे. पेंढा जाळून धूर करत असतील, गोठलेल्या फुलांना ऊन एकदम लागू नये म्हणून."

तोपर्यंत मला ते सुचलंच नव्हतं. जी पांढरी सकाळ जानेवारीत 'या' म्हणायची, ती मार्चमध्ये 'पळा' म्हणत होती. खूण तीच होती. मार्सेलने मात्र ते आमच्याही आधी ओळखलं असावं. त्याचं लक्ष रस्त्यावर नव्हतंच. तो खाली बघत होता, जिथून धुराच्या रेघा उठून एकमेकींत मिसळत होत्या.

"फिलिप तळाला आहे," तो म्हणाला. त्या हिवाळ्यात त्याच्या तोंडून मुलाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. "थंडी जड असते. ती खाली जाऊन साचते." मग माझ्याकडे वळून, "खलाशी, गाडी काढ."

मैत्रेयीला मादलेनच्या सुनेकडे सोडलं. ऑक्सिजनची छोटी बाटली सुजाताने मांडीवर घेतली.  इथेच सांगून टाकतो: पुढे एप्रिलमध्ये आम्ही सिंगापूरला परतलो, आणि त्या उन्हाळ्यात मार्सेल गेला. मादलेनने सुजाताला कळवलं की फिलिप आला होता, कडक उन्हात, काळ्या कोटात, शवपेटीच्या डाव्या बाजूला खांदा देऊन. म्हणजे ते दोघं एकमेकांसमोर उभे राहू शकतील अशी सकाळ ती एकच होती, आणि त्या सकाळी मी गाडी चालवत होतो, आयुष्यात पहिल्यांदा मर्यादेपेक्षा जोरात, आणि तरी हळू वाटत होतं.

खोऱ्यात उतरलो आणि धुरात शिरलो. धूर म्हणजे काय हे मी जहाजाच्या आगीत पाहिलेलं आहे, पण हा त्याच्याही वरचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा, एकीला लागून दुसरी, कुंपण नाही, पाटी नाही. झाडांमधून माणसं पळत होती, तोंडाला फडकी, चेहरे काजळीने काळे. एकच माणूस सगळीकडे पळतोय असं वाटावं. मी गाडी अगदी हळू केली.

"कुठली त्याची?" मी विचारलं.

मार्सेल डावीकडे बघत होता, मग उजवीकडे.  या खोऱ्यात तो इतकी वर्षं कधी उतरलाच नव्हता. मुलाची बाग कुठली, झाडं किती उंच झाली, रस्त्याच्या या बाजूला की त्या, त्याला काही ठाऊक नव्हतं.

त्याने काच खाली केली. धूर आत आला. त्याने सगळा श्वास गोळा केला आणि हाक मारली: "फिलिप."

एरवी मी म्हटलं असतं पन्नास जणांनी माना वर केल्या. तिघांनी केल्या. त्या वयाच्या माणसांत तिकडे हे नाव जागोजाग. तिघेही थांबून आमच्याकडे बघत राहिले, हातातल्या लांब दांड्याच्या काट्यांवर पेटता पेंढा. मार्सेलने एकेकाकडे नीट पाहिलं. मग मान हलवली. ते पुन्हा पळायला लागले. त्यांच्यातला एकजण जाता जाता ओरडून म्हणाला, "कुठला फिलिप?"

मार्सेलला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. मी काच वर केली. सुजाताने मागच्या सीटवरून बाटलीची नळी त्याच्या नाकात घातली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मागे फिरव." मार्सेलने गिअरवर हात ठेवला. बोलता येत नव्हतं त्याला, पण हात काढला नाही. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. आम्ही तसेच बसून राहिलो, काचा लावून, भर सकाळी दिवे लावून. काचेबाहेरून काळे चेहरे जात होते. प्रत्येक चेहऱ्याबरोबर मार्सेलची मान फिरायची.

ऊन वर आलं तसा धूर उचलला. माणसं गेली होती, घरी, हातपाय धुवायला किंवा झोपायला किंवा नुसतं बसायला. बागा रिकाम्या होत्या. फुलं अजून झाडांवरच होती, पण त्यांचा रंग पाण्यात चहा सांडल्यासारखा.

मार्सेल उतरला. मी धरायला गेलो तर त्याने कोपर झटकलं. तो जवळच्या बागेत शिरला, जी कुणाची होती कोण जाणे. एक फूल खुडलं, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या उकलल्या, आतला गाभा, जिथे फळ धरतं तो, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. तो काळा पडला होता. त्याने दुसरं खुडलं. तेही. अशी पाचसहा झाडं तो फिरला, वाकून, खालच्या फांद्यांची फुलं उघडत, एखाद्या अनोळखी घरात शिरून झोपलेल्यांच्या कपाळांना हात लावून बघावं तसा. मग हात पँटला पुसले.

"गेलं याचं," तो म्हणाला.

"कुणाचं?" मी विचारलं.

तो झाडाला टेकला. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"ज्याचं असेल त्याचं," मार्सेल म्हणाला, आणि पुढच्या झाडाकडे गेला.